द्वारकाबाईंची मतं

"बाई, एवढं वाचून दाखवा बरं. शेजारच्या यासीनभाईनं वाचलं, पण त्याचं मराठी सरकारी कागदाला पुरत नाही."

द्वारकाबाईंनी शिलाई मशीनच्या खणातून चौघडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. शाळा नुकतीच सुटली होती. माझ्या मुलीच्या दप्तराला नवी चेन बसवायला दिली होती, ती न्यायला मी थांबले होते. कागदावर नगरपालिकेचा शिक्का होता. मी उभ्याउभ्याच वाचायला लागले.

"शाळेच्या संरक्षक भिंतीलगत आपण केलेले अतिक्रमण पंधरा दिवसांच्या आत स्वखर्चाने काढून घ्यावे, अन्यथा..."

"अन्यथा म्हणजे ट्रक," त्या म्हणाल्या. "तेवढं कळतं मला. त्याच्या आधीचं वाचा. का काढायचं, ते."

त्याच्या आधीचं मी मनातल्या मनात वाचून टाकलं होतं. म्हणूनच ते गाळून पुढं गेले होते.

"वाचा की."

"दैनिकात प्रसिद्ध झालेल्या नागरिकांच्या तीव्र भावना विचारात घेता..."

"कोणाच्या भावना?"

"नागरिकांच्या."

"ते झालं हो. पण पेपरात माझ्यावर लिवलं कोणी?"

"नाव नाही दिलेलं," मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं. त्या मजकुराखाली 'डोळस' एवढंच छापलेलं होतं. आणि डोळस मी होते.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी आमच्या गावातल्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. गावातून एक दैनिक निघायचं, चार पानांचं. त्याचे संपादक पाटसकर माझ्या नवऱ्याचे मित्र. एकदा आमच्याकडे जेवायला आले असताना मी वाढता वाढता लग्नपत्रिकांवर काहीतरी बोलले. हल्ली पत्रिकेवर गणपती एवढा मोठा छापतात की नवरीचं नाव शोधावं लागतं, असं काहीतरी. पाटसकर हसले आणि म्हणाले, "वहिनी, हे असंच लिहून द्या. दर शुक्रवारी. राजकारण, महागाई, घर, दार, जे दिसेल त्यावर मत." शिक्षिकेनं पेपरात लिहिलेलं आमच्या मुख्याध्यापिकांना खपलं नसतं, म्हणून टोपणनाव घेतलं. सदराला नाव दिलं 'उगीच आपलं'.

पहिले दोन-तीन शुक्रवार निभले. मग माझ्या लक्षात आलं, की मला मतं फारशी नाहीतच. म्हणजे होती, पण ती सगळ्यांची असतात तशी. महागाई वाढली, पुढारी खोटं बोलतात, पूर्वीची घरं छान होती. लिहून काढली की चार ओळींत संपायची.

द्वारकाबाई बोंगाळे शाळेच्या भिंतीला लागून बसायच्या. अकरा वर्षं बसत होत्या. नवरा शिंपी होता, तो गेल्यावर दुकान दिराच्या नावावर निघालं आणि यांच्या वाट्याला मशीन आलं. ते त्यांनी हातगाडीवर घालून शाळेसमोर आणलं. दप्तरांचे पट्टे, छत्र्या, युनिफॉर्मची हुकं, फाटलेले खिसे असं सगळं त्या शिवून द्यायच्या. डोक्यावर दोन पत्रे, बाजूला निळं प्लास्टिक, आणि उन्हाच्या बाजूला निवडणुकीत लावतात ते कापडी फलक, उलटे टाचलेले.

आणि त्या बोलायच्या. पायाखाली मशीन चालू, तोंडात दोरा, आणि त्या दोऱ्याच्या बाजूनं बोलणं.

"निवडून येणाऱ्याचं कापड पातळ असतं बघा. पडणाऱ्याचं जाड. ज्याला भरवसा नाही, तो कापडावर खर्च करतो."

किंवा पाच रुपयांचं नाणं हातात घेऊन, "सरकारनं हे एवढं जाड काढलं, तवा एका तरी शिंप्याला विचारायचं होतं. नोट खिशात फाटायची, आता खिसाच फाटतो. माझं बरं झालं म्हणा."

एकदा बाजारातलं नवंकोरं दप्तर उसवून आलं होतं. ते उलटं करून त्यांनी मला दाखवलं. "चेन बघा केवढी झोकदार. आणि आत टाके बघा, बोटभर अंतरावर. गिऱ्हाइकाला दिसतं ते चांगलं, धरून ठेवतं ते फुकटचं. आता सगळं असंच शिवतात, घरं पण."

मी घरी गेले आणि हे लिहून काढलं. थोडी भाषा स्वच्छ केली, एवढंच. शुक्रवारी छापून आलं. पाटसकरांचा फोन आला, "वहिनी, काय लिहिलंय! वकील मंडळी कोर्टात वाचून दाखवताहेत." पुढच्या आठवड्यात मी काही काम नसताना एक छत्री घेऊन गेले.

वर्षभर हे असं चाललं. मी चोरी करते आहे असं मला वाटत नव्हतं. बोललेलं हवेत जातं, आपण ते कागदावर आणतो, असं मी स्वतःला सांगत असे.

जुलै महिन्यात द्वारकाबाईंच्या धाकट्या मुलीचं बाळंतपण होतं, म्हणून त्या तीन आठवडे गावाला गेल्या. पत्र्याखाली मशीन साखळीनं बांधून ठेवलेलं. पहिला शुक्रवार जुन्या टिपणांवर काढला. दुसऱ्या गुरुवारी माझ्याजवळ काहीच नव्हतं. पाटसकरांचा माणूस संध्याकाळी मजकूर न्यायला येणार होता. मी शाळा सुटल्यावर फाटकात उभी राहिले आणि समोर पाहिलं. ते पत्रे, ते निळं प्लास्टिक, उलट्या टाचलेल्या उमेदवाराची उलटी मिशी. त्या तिथं नव्हत्या, तर नुसता तो पसाराच दिसत होता.

घरी येऊन मी अर्ध्या तासात लिहिलं. एवढं भराभर त्याआधी कधी लिहिलं नव्हतं. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होत आहेत, शाळेला नवी कमान उभी राहते आहे, आत आम्ही मुलींना रंगसंगती शिकवतो आणि दारात त्यांना चिंध्या दाखवतो. गावालाही चेहरा असतो, तो कधीतरी धुवावा लागतो. शेवटचं वाक्य होतं, 'ही ठिगळं कोण उसवणार?' ते मला फार आवडलं होतं.

पंधरा ऑगस्टच्या आधी रस्ते मोकळे करायचे नगरपालिकेनं ठरवलेलंच होतं. त्यांना हाताशी एक कात्रण मिळालं.

तो कागद वाचून घरी आले त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू तिचं नाव कुठं घेतलंस? आणि ते अतिक्रमण आहेच की."

"मी जाऊन सांगू का तिला?"

"सांगून तिचं काय भलं होणार? तुझं मात्र नुकसान. अर्ज लिहून दे चांगला. तिला त्याचा उपयोग."

मला तेच ऐकायचं होतं. मी अर्ज लिहून दिला. सुवाच्य अक्षरात, दोन पानं. अकरा वर्षांचा व्यवसाय, विधवा महिला, विद्यार्थिनींची सोय. द्वारकाबाईंनी अंगठा न लावता सही केली. 'द्वा' काढायला त्यांना बराच वेळ लागला.

"तुम्ही याल का माझ्यासंगं?" त्यांनी विचारलं. "सायबानं सोमवारी बोलावलंय. शिकलेलं माणूस बरोबर असलं म्हणजे खुर्ची तरी देतात."

मुख्याधिकारी तरुण होते, नम्र होते. आम्हा दोघींना खुर्च्या दिल्या. अर्ज पूर्ण वाचला. मग फाइल उघडून माझ्याकडे वळवली. पांढऱ्या कागदावर माझं सदर चिकटवलेलं होतं. दोन ओळींखाली लाल रेघा होत्या.

"मावशी, मला तुमच्याविषयी काही राग नाही," ते म्हणाले. "पण गावाचं म्हणणं हे आहे. मी स्वतः दर शुक्रवारी वाचतो यांचं. विचारी माणूस आहे. तोच असं लिहितो म्हटल्यावर..."

"कोण लिवतो?"

"डोळस म्हणून आहेत."

द्वारकाबाई खुर्चीत सावरून बसल्या. "उगीच आपलं? ते होय?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत म्हणजे काय साहेब! यासीनभाई वाचून दाखवतो की. माझ्या पलीकडं त्याचं सायकलचं दुकान आहे. दर शुक्रवारी मशीन थांबवून ऐकते मी. गावाला गेले होते, तेवढंच ऐकायचं राहिलं. लई बरोबर बोलतो तो माणूस. अगदी माझ्या मनातलं. नाण्याचं लिवलं होतं त्यानं, खिसे फाटतात म्हणून. मी यासीनभाईला म्हटलं, बघा, मी म्हणत होते का नाही? म्हणजे माझं डोकं काही फिरलेलं नाही, पेपरातला माणूसही असंच म्हणतो."

त्या माझ्याकडे पाहत होत्या, त्यांना दुजोरा हवा होता. मी मान हलवली.

"त्याला ठाऊक नसंल साहेब, की हे माझं दुकान आहे. त्याला बोलवा तुम्ही एकदा. मी बोलते त्याच्याशी. त्याला पटंल."

"असं कसं बोलावणार, मावशी? तो काही आमचा कर्मचारी नाही." साहेब हसले. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही तर त्याच शाळेत आहात ना? चित्रकलेच्या शिक्षिका. मग तुम्हीच सांगा. तुमच्या डोळ्यांना काय वाटतं? शोभतं का ते तिथं?"

वर्षभर मी दर आठवड्याला मत देत होते. साखर, टीव्ही, लग्नाचे हॉल, पुढाऱ्यांच्या टोप्या, कशावर नाही? आता एका माणसानं समोर बसवून मला मत विचारलं होतं.

"दिसायला... तसं ते बरं दिसत नाही," मी म्हणाले. "पण मुलींची सोय होते. काहीतरी मधला मार्ग..."

त्यांनी पेन उचललं होतं. माझं पहिलं वाक्य लिहून घेतलं, दुसऱ्याच्या वेळी शिपाई चहा घेऊन आला.

बाहेर जिन्यावर द्वारकाबाई थांबल्या. पदरानं मान पुसली. म्हणाल्या, "तुम्ही तरी काय करणार? खोटं कसं बोलणार? दिसायला वाईटच दिसतं ते. माझं मलाही दिसतं."

माझ्यावर त्या रागावल्या असत्या, तर कदाचित मी गप्प राहिले असते. त्या माझी समजूत घालायला लागल्या, तेव्हा माझ्यानं राहवेना.

"द्वारकाबाई, ते मी लिहिलंय."

"काय?"

"पेपरातलं. डोळस मीच आहे."

त्यांना ते एकदम समजलं नाही. नगरपालिकेचा जिना, लोक वरखाली करत होते. आम्ही भिंतीला सरकलो.

"नाण्याचं?"

"तेही. तुम्ही बोललात, मी लिहिलं."

"आणि कापडाचं?"

"हो."

"दप्तराच्या टाक्यांचं? नव्या एस.टी. स्टँडच्या बाकड्यांचं? त्यावर बसलं की माणूस घसरतो, ते?"

"सगळं."

मग अगदी हळू म्हणाल्या, "आणि माझ्या दुकानाचं कोण बोललं होतं?"

"ते मी."

एवढ्या सगळ्यात माझं स्वतःचं असं ते एकच होतं. हे मला तिथं, त्या जिन्यावर, त्यांनी विचारल्यावर कळलं.

मला वाटलं त्या रडतील, नाहीतर शिव्या देतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. चार पायऱ्या उतरल्या, वळल्या आणि कामाचं सांगावं तसं म्हणाल्या, "मग आता उलटं लिवा. अजून नऊ दिवस आहेत. शुक्रवारी येऊ द्या. आणि ते आधीचं सगळं द्वारका बोंगाळे बोलली होती, तेही लिवा. साहेब वाचतो म्हणाला ना? मग त्याला कळू द्या, विचारी माणूस कोण आहे ते."

"लिहिते," मी म्हणाले. "नक्की लिहिते."

आणि मी लिहिलं. त्या दोन रात्री मला झोप नव्हती, पण लिहिलं ते मनापासून. द्वारकाबाईंचं नाव घातलं. वर्षभरातली कोणती मतं त्यांची, त्याची यादीच दिली. मागच्या लेखाबद्दल माफी मागितली. पाटसकरांच्या हातात नेऊन दिलं.

त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "वहिनी, पहिला भाग अप्रतिम आहे. गरिबाची बाजू, शिवणाऱ्या हातांचं वर्णन, डोळ्यांत पाणी येतं. पण हे खालचं काढा."

"तेच तर खरं आहे."

"खरं असेल. पण वर्षभर लोक ज्याचं वाचतात, तो रस्त्यावरच्या बाईचं ऐकून लिहीत होता, हे आपणच छापायचं? उद्या लोक म्हणतील पेपरात सगळं असंच. आणि तुमच्या नोकरीचा विचार केलात? चौकशी झाली, तर नाव बाहेर येईल." त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तिचं काम पहिल्या भागानं होतंय ना? मग झालं तर."

शेवटी मी म्हणाले, "ठीक आहे." त्यांनी माझ्यासमोरच लाल पेनानं खालचे तीन परिच्छेद खोडले. द्वारकाबाईंचं नाव पहिल्या भागात होतं, तिथं 'एक कष्टकरी भगिनी' असं केलं.

शुक्रवारी आलं. त्या सदराला जेवढी पत्रं आली, तेवढी कधीच आली नव्हती. आमच्या मुख्याध्यापिकांनी, कोणी लिहिलंय ते माहीत नसताना, प्रार्थनेनंतर सगळ्या मुलींना ते वाचून दाखवलं. मराठीच्या बाईंनी त्यातला एक उतारा शुद्धलेखनाला घातला. नगरपालिकेतून कोणी पाटसकरांना फोन करून कळवलं, की साहेबांनाही फार आवडलं, त्यांनी कात्रण कापून ठेवलं आहे.

आधीच्या लेखावर पंधरा दिवसांत नोटीस निघाली होती. या लेखावर लोकांनी सुंदर, सुंदर म्हटलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, बुधवारी, माझा आठवीवर तास होता. खिडकीतून समोरचं दिसत होतं. ट्रक यायच्या आधीच द्वारकाबाईंनी पत्रे उतरवले होते. यासीनभाई आणि त्या, दोघांनी मिळून मशीन हातगाडीवर चढवलं. प्लास्टिकची नीट घडी केली. एकदाही त्यांनी शाळेकडे पाहिलं नाही. मुली संकल्पचित्र काढत होत्या. एकीनं विचारलं, "बाई, कडेला कुठला रंग देऊ?" मी म्हणाले, "तुला आवडेल तो." ती गोंधळून गेली, कारण मी असं कधी सांगत नसे.

मधल्या सुट्टीत मी धावत बाहेर गेले, तेव्हा यासीनभाई रस्त्यावर पडलेल्या टाचण्या वेचत होता. सायकलींच्या चाकात जातात म्हणून.

"गेल्या?"

"गेल्या." त्यानं वर पाहिलं नाही. "शुक्रवारचं मी वाचून दाखवलं त्यांना. दोनदा वाचायला लावलं. म्हणाल्या, खाली अजून असंल, बघ. मी पान उलटून दाखवलं. खाली काही नव्हतं."

मी त्या आठवड्यात लिहिणं सोडलं. पाटसकरांनी 'डोळस' हे नाव दुसऱ्या कुणाला दिलं. सदर पुढं सहा वर्षं चाललं.

द्वारकाबाई औद्योगिक वसाहतीत एका बॅगांच्या कारखान्यात लागल्या, एवढं कानावर आलं होतं. दिवसभर एकच शिवण घालायची, पट्टा जोडायचा, असं काम. नंतर डोळ्यांचा त्रास सुरू झाला म्हणून तेही सोडलं. त्यांचं घर शोधून काढायला मला दोन वर्षं लागली. शोधायला लागले असते तर दोन दिवस पुरले असते. धीर व्हायला दोन वर्षं लागली.

जुन्या बाजारामागच्या बोळात, दोन खोल्या. मशीन दाराशी उजेडाला घेतलेलं. मला पाहून त्या उठल्या, स्टूल पुसून दिलं, पाणी दिलं. "या बाई. मुलगी बरी आहे?"

"बरी आहे. तिची ही बॅग. पट्टा निघालाय."

त्यांनी बॅग घेतली. जाड भिंगांचा चष्मा लावला. मशीन चालू झालं. मी वाट पाहत बसले. बॅग नव्या धर्तीची होती, नको तिथं खिसे आणि नको तिथं चेनी. पूर्वी त्या बॅगेवर त्यांनी पाच मिनिटं तरी काढली असती. त्यांनी ती नुसती शिवली.

मग मीच बोलले. निवडणुका तोंडावर होत्या. बोळाच्या तोंडाशी दोन्ही पक्षांचे फलक लागले होते. मी म्हणाले, "काय वाटतं तुम्हाला? कोण येईल यंदा?"

"मला काय कळतंय बाई त्यातलं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. दुकानात नसलेली वस्तू मागितल्यावर दुकानदार सांगतो तसं त्यांनी सांगितलं. मी महागाईचं काढलं. त्या म्हणाल्या, "हं, आहे खरी." मी शाळेच्या नव्या कमानीचं काढलं, तिला आताच तडे गेलेत म्हणून. त्या म्हणाल्या, "असं होय." पट्टा ओढून पाहिला, दोरा तोडला आणि बॅग माझ्या हातात दिली. टाके पूर्वीसारखेच होते, एकाला एक लागून.

मी माफी मागायची ठरवून गेले होते. ती मागितली. त्या म्हणाल्या, "असू द्या. झालं ते झालं. चहा टाकू का?" मी नको म्हणाले. त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही.

मी बाहेर येऊन चपला घालत होते. पट्ट्याचं बक्कल लागत नव्हतं, म्हणून वाकले होते. तेवढ्यात मागच्या दारानं शेजारची कोणी बाई आत आली असावी. तिनं विचारलं, "काय गं द्वारका, मत कुणाला देणार?" आणि आत मशीन सुरू झालं, आणि त्याच्यावरून द्वारकाबाईंचा आवाज आला. तोच, दोऱ्याच्या बाजूनं येणारा. चांगली चार-पाच वाक्यं बोलल्या. शेजारीण खदखदून हसली. मग म्हणाली, "अगं बाई, खरंच की!"

त्या काय बोलल्या ते मला शब्दन् शब्द ऐकू आलं. अजूनही पाठ आहे. ते मी कुठं लिहिलेलं नाही, कुणाला सांगितलेलंही नाही.